नळीच्या तोंडावर बोट

कॅज्युअल्टीत शिकवण्याची आमच्या सरांची पद्धत अशी की रुग्ण आला की ते इंटर्नच्या मागे उभे राहत, दोन्ही हात पाठीशी बांधत आणि शक्यतो सोडत नसत. "आधी श्वास, मग रक्त, मग बाकीची हकिकत," एवढाच त्यांचा धडा. चुकले तर ओरडत नसत, खाकरत. ते खाकरणे ऐकू येऊ नये यासाठी मी त्या वर्षी जितकी मेहनत घेतली तितकी परीक्षेसाठीही घेतली नव्हती.

श्वासनलिका उघडण्याचा सराव आम्ही बोकडाच्या नळीवर करत असू. ती विकत आणण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी पसरून गुलबर्ग्याच्या बाजारातून मान खाली घालून चालत आले होते. आमचे घर लिंगायत. स्वयंपाकघरात अंडेसुद्धा कधी आले नव्हते. पण मला शस्त्रक्रियाच करायची होती, आणि त्यासाठी नळी हाताला सवयीची होणे आवश्यक होते. ती झाली आहे असा माझा समज होता.

एका दुपारी बाह्यरुग्ण विभाग उरकत आला असताना दुबलगुंडीकडची एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली. नवरा केसपेपरच्या रांगेत होता. मुलीची मान बैलासारखी सुजलेली, घशात करडा पापुद्रा, प्रत्येक श्वासाला छातीखालची कातडी आत ओढली जात होती. घटसर्प. लस तेव्हा निघालेली होती, त्या मुलीपर्यंत पोचलेली नव्हती.

"काय करणार?" सरांनी मागून विचारले.

"गळ्यातून नळी बसवायची. आत्ता."

"मग बसवा."

सिस्टरनी मुलीच्या खांद्याखाली गुंडाळी सरकवली आणि मान मागे झुकवली. गळ्यात काळा दोरा होता, त्याला चांदीची लहान डबी. डबीत इष्टलिंग आहे हे कळायला मला ती उघडून पाहायची गरज नव्हती. सिस्टरनी कात्री उचलली, तोच आईने त्यांचे मनगट धरले.

"दोरा तोडायचा न्हाई. जीव असेपर्यंत गळ्यातला देव अंगाबाहेर जात न्हाई."

"अक्का, सोडा. जागा तिथंच लागते," मी म्हणाले.

"तुम्हाला काय कळायलंय त्यातलं?"

"कळतंय. मी तुमच्यातलीच आहे."

तिने माझ्या गळ्याकडे पाहिले. "मग तुमचा कुठाय? दावा की."

"खोलीवर आहे. पेटीत."

"पेटीत!" ती म्हणाली. "मग जीवबी पेटीतच ठिवून आलाव का?"

सर खाकरले. "डॉक्टर, ओठ निळे पडतायत."

मला त्या क्षणी शरीररचनाशास्त्रातले काहीही आठवेना. आठवली ती माझी आई, दोरा झिजला की नवा ओवून होईपर्यंत इष्टलिंग तळहातावर धरून बसणारी. "तोडत नाही," मी म्हणाले. "डोक्यावरून काढते. पूजेला घेतो तसं डाव्या तळहातावर देते. मूठ तुम्ही झाका, शेवटपर्यंत सोडू नका. अंगालाच राहील."

तिने स्वतःच दोरा लेकीच्या डोक्यावरून ओढला, डबी तिच्या पंजात ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबली. तेवढाच एक हात आम्हाला आवरावा लागला नाही.

बोकडाच्या नळीने मला फसवले होते. ती ताठ असते, हाताला लगेच लागते. सुजलेल्या मानेतली मुलीची नळी मऊ होती आणि बोटाखालून सरकत होती. भूल दिली, छेद घेतला, श्वासनलिकेची कडी चाचपली, पुन्हा चाचपली. मग फस्सकन हवा आली, खोकल्याबरोबर रक्ताचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडाले, आणि सिस्टरनी बसवायची नळी माझ्या हातात ठेवली. ओठांचा रंग हळूहळू बदलला. नळी बांधून मागे पाहिले तर सरांचे हात पुढे आलेले होते.

मुलगी रडू लागली. तोंड पूर्ण उघडे, डोळ्यांतून धारा, आणि आवाज काहीच नाही.

"आवाज कामून येईना?" आईने विचारले. मग किंचाळली, "मुकी केलाव का माझ्या लेकराला?"

हवा आता स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर जाते, नळी निघाली की आवाज येईल, असे मी तिला समजावले. ते खरे होते. पण श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी आवाजाच्या नसा वर जातात, आणि मी दोनदा चाचपले होते. दुसऱ्या वेळी माझे पाते कुठे होते हे मला खात्रीने सांगता येत नव्हते. सरांना विचारले तर म्हणाले, "कळेल."

घटसर्पाच्या विषावरचे इंजेक्शन दिले, पापुद्रा सुटू लागला. दर फेरीला आई तोच प्रश्न विचारायची, पुढे पुढे फक्त डोळ्यांनी. मी इतर खाटांवर शक्य तितका वेळ काढून त्या खाटेकडे शेवटी जात असे. रात्री पुस्तकातली तीच आकृती काढून त्या नसेवर बोट फिरवत असे. आकृती बदलत नव्हती.

अखेर एका सकाळी सर म्हणाले, "घसा मोकळा दिसतोय. नळीच्या तोंडावर बोट ठेवून बघा."

बोट ठेवले. मुलगी घाबरली, गुदमरली. मी झटकन काढले. आईने पदर तोंडाला लावला. सर खाकरले नाहीत, याचीच मला जास्त धास्ती वाटली. पुन्हा ठेवले. या वेळी तिने नाकातून श्वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि घोगऱ्या पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "अव्वा, ह्या बाईला जा म्हण."

आई रडता रडता हसली. "जात्यात गं, जात्यात. आता जावा की बाई, लेकरू जा म्हणायलंय!"

मी गेले नाही. घटसर्पाचे विष उशिरा हृदयाला धरते आणि त्यासाठी नाडी रोज, दिवसातून अनेकदा मोजावी लागते, हे मला तिच्या आईला अजून सांगायचे होते. बोट काढले तसा आवाज पुन्हा बंद झाला. मुलगी मात्र बोलतच राहिली, ओठांनी, माझ्यावर डोळे वटारून. आणि मी घड्याळ समोर धरून तिचे मनगट शोधू लागले.