सतरा नंबरचं नाव

गुपित राखण्यात आमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. मुलं कॉलेज अर्ध्यात का सोडतात, यावर ते संशोधन करत. किती वर्षं, ते विचारू नये; शिपाईसुद्धा विचारत नसे. एकेका मुलाला बोलावून ते तासन्‌तास ऐकत आणि मग त्याचं नाव पुसून त्याला नंबर देत. हा नाद पुढे इतका अंगात मुरला, की मेहुणीची लग्नपत्रिका पाहून ते बायकोला म्हणाले, "वधूवरांची नावं अशी उघड छापायची काही गरज होती का?" एकदा त्यांनी वर्गात बिननावाचे फॉर्म वाटले. 'आज जेवलात का?' या प्रश्नापुढे एकाच फॉर्मवर 'नाही' आलं. आता कोण ते शोधायचं नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही, म्हणून सरांनी सगळ्या वर्गाला वडापाव मागवला. कॅन्टीनवाला म्हणाला, "सर, पूरी क्लास भूखी है क्या?" "पता नहीं," सर म्हणाले, "पता करना मना है."

सुट्टीच्या दिवशी ते बसने उत्तन, पाली, डोंगरी करत हिंडायचे. कुठली बस किती वाजता येते आणि वाटेतल्या कुठल्या खांबावर दिवा नाही ते लिहून घ्यायचे. लोकांना वाटायचं, साहेब वीज कंपनीतले. ते लोक तक्रारी सांगायचे आणि सर त्याही निमूटपणे टिपून घेऊन त्यांना नंबर द्यायचे.

सतरा नंबर ही त्याच बाजूची एक मुलगी. पहिला तास सकाळी सात दहाचा, म्हणजे घरून अंधारातच निघायचं. बसस्टॉपच्या गल्लीत दोन पोरं बाइकवरून रोज तिच्या मागे लागत. घरी सांगितलं तर कॉलेजच बंद होणार, म्हणून ती उजाडेपर्यंत थांबून पुढची बस धरायची आणि पहिला तास रोज बुडायचा. वर्षअखेरीला हजेरी कमी भरली आणि परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत तिचं नाव आलं.

यादीवर शेवटचा हात फिरवायला मीटिंग भरली. प्रिन्सिपॉल मॅडम, मी आणि आणखी दोघं प्राध्यापक. सर न बोलावता आले, उभे राहिले आणि सतरा नंबरची सगळी हकिगत त्यांनी वाचून दाखवली. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"सर, या मुलीला मी आत्ता सूट देते. नाव सांगा."

"सतरा."

"अहो, नाव!"

"मॅडम, मी शब्द दिलाय तिला. नाव बाहेर पडलं तर घरचे तिला घरी बसवतील."

"मग नंबरला हॉलतिकीट देऊ का मी? नंबर येऊन पेपर लिहिणारे?"

अर्धा तास हे चाललं. सरांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली, पण नाव ओठांबाहेर पडलं नाही. शेवटी मॅडम कंटाळल्या आणि यादी जशीच्या तशी बोर्डावर लागली. ती मुलीच्या गावातल्या कुणीतरी पाहिली, तिच्या घरी सांगितलं. मग घरच्यांनी खोदून खोदून विचारलं आणि बाइकवाल्या पोरांचंही निघालं. तिचं कॉलेज त्याच दिवशी सुटलं.

पंधरा दिवसांनी सर मला म्हणाले, "चला." आम्ही उत्तनला तिच्या घरी गेलो. अंगणात बांबूंवर ती बोंबील वाळत घालत होती. आईने पाणी आणलं. "बसा सर. पोरीचा कालेज आता न्हाय. साखरपुडा हाय पुढल्या म्हयन्यात." सरांनी मान खाली घालून मुलीला सगळं सांगितलं: मीटिंग, मॅडम, आपण नाव कसं घेतलं नाही ते. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती.

"मॅडमनाच सांगायचं होतं ना, सर? मग मला विचारायचं ना एकदा. मी खाली लायब्ररीतच बसलेले. मीच वर येऊन सांगितलं असतं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "विचारायला हवं होतं हो."

मी माझ्या तिकिटाची घडी घालत बसलो. सात दहाचा तो तास माझा. तिच्या नावापुढची गैरहजेरी रोज मीच मांडत होतो आणि मीटिंगमध्ये सरांच्या पहिल्या दोन वाक्यांतच ती कोण ते मला कळलं होतं. शब्द सरांनी दिला होता, मी नव्हे. तरी आपण कशाला मध्ये पडा, म्हणून मी चहा पीत बसलो. याची मला लाज वाटते, पण सरांना हे मी अजून सांगितलेलं नाही. सगळा दोष ते एकट्याच्या अंगावर घेऊन हिंडतात, आणि मला यायला उशीर झाला की स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून माझी जागा धरून बसतात.