दुसरा ड्रायव्हर

जर्मनीला निघाले त्या दिवशी मला मुंबईच्या विमानतळावर आप्पांनीच सोडलं. आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या स्टँडवर पस्तीस वर्षं त्यांची भाड्याची गाडी होती. पुढच्या सीटवर माझी मोठी बॅग बसली आणि मी मागे, गिऱ्हाईक बसतं तिथे. सकाळी निघून दिवेलागणीला पोचेपर्यंत आम्ही जे काही बोललो ते आरशातून. बॅगा उतरवून झाल्यावर ते सवयीने म्हणाले, "गाडीत काय ऱ्हायलं का बघून घ्या." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं. चूक लक्षात आली तसे ते टायर बघायला खाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

त्या गाडीवर आमचं घर चाललं. अक्कलकोटच्या फेऱ्या, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याची माणसं. गाडी धुवायला मी चालायचे, काचा पुसायला चालायचे. स्टिअरिंगला हात लावला की आप्पा म्हणायचे, "ही धंद्याची गाडी हाय, खेळणं न्हवं." गाडी ठोकली तर खायचं काय, एवढाच त्यामागचा विचार होता, पण पंधराव्या वर्षी तो अपमान वाटतो. ड्रायव्हरची मुलगी असून मी गाडी न शिकताच देश सोडला.

शिकले ती लाइपझिगमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, ऑटोमॅटिक गाडीवर. गिअरची भीती वाटायची. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली की परवान्यावर तशी नोंद होते, आणि मग गिअरची गाडी चालवता येत नाही. इथल्या सहकाऱ्यांना मी सांगितलं होतं की वडील वाहतूक व्यवसायात आहेत. ते खोटं नव्हतं. फक्त वाक्य जरा इस्त्री केलेलं होतं.

परदेशात स्वस्त भाड्याची गाडी कशी निवडावी, यावर मी आता तासभर प्रवचन देऊ शकते. गाडी विमानतळावरून घेऊ नये, गावातल्या ऑफिसातून घ्यावी. महिनाभर आधी ठरवावी. लहानात लहान घ्यावी, टाकी भरून घेऊन भरूनच परत करावी, आणि काउंटरवरचा हसरा माणूस जो जादा विमा विकतो तो आपल्याकडे आधीच आहे का ते घरूनच बघून यावं. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे पाठ असेल. जे तिकडे राहिलेत त्यांच्यासाठी एवढंच, की इथं गाडी भाड्याने मिळते, ड्रायव्हर मिळत नाही. फॉर्मवर शेवटून तिसरी ओळ असते, 'दुसरा ड्रायव्हर'. तिथे 'नाही' म्हणायचं, कारण 'हो' म्हटलं की भाडं वाढतं. मी नेहमी न वाचताच 'नाही' म्हणत आले.

दोन वर्षांपूर्वी आप्पा माझ्याकडे आले. आईचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून एकटेच. निघण्याआधी स्टँडवरच्या मंडळींनी शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. व्हिसा मिळाला म्हणून सत्कार करणारं सोलापूर हे एकमेव गाव नसावं, पण भाषणं तीन झाली हे जरा जास्तच. त्याचा व्हिडिओ मला आला. शेवटी कुणीतरी मागून ओरडलं, "आप्पा, तिकडली गाडी चालवून फोटू टाका!" आप्पा शाल सावरत म्हणाले, "टाकतो की." सगळे हसले. मीही हसले.

त्यांना बर्फाचे डोंगर दाखवायचे म्हणून मी तीन दिवसांसाठी गाडी ठरवली. आठ संध्याकाळी वेगवेगळ्या वेबसाइटा चाळून जमेल तितकी स्वस्त. गाडी घ्यायला गेलो तर आप्पा काउंटरकडे न जाता आधी बाहेरच्या गाड्यांकडे गेले. एका बंपरवरून तळहात फिरवला, खाली वाकून बघितलं, मग आत आले.

"डायवर कुटं हाय?"

"ड्रायव्हर नसतो, आप्पा. आपणच चालवायची."

"मंजी किल्ली दिऊन टाकत्यात? वळख ना पाळख?"

"कार्डावर पैसे अडकवून ठेवतात."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "जर्मन माणूस येडा न्हाय."

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बघून विचारलं, ऑटोमॅटिकच हवी का? गिअरची गाडी बरीच स्वस्त पडेल. दुसऱ्या ड्रायव्हरचे जादा पैसे धरूनही. तुमचे वडील चालवतात का?

आप्पांना जर्मन कळत नव्हतं, पण बाईंचं बोट आधी बाहेरच्या एका लहान निळ्या गाडीकडे आणि मग त्यांच्याकडे गेलं, एवढं त्यांना पुरलं. शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक करडं पुस्तक काढलं. आंतरराष्ट्रीय परवाना. आरटीओत जाऊन त्यांनी तो काढला होता आणि मला पत्ता लागू दिला नव्हता.

"मी हाय की, ताई. गेरची घे. म्या चालवतो."

माझ्यासमोर जगातली सगळ्यात स्वस्त गाडी उभी होती आणि ती चालवायला पस्तीस वर्षांत एकदाही न ठोकलेला माणूस. मी मात्र वेगमर्यादा नसलेला महामार्ग बघत होते, उजवीकडची वाहतूक बघत होते, त्यांचं वय बघत होते. खरं सांगायचं तर एवढं सगळं मी नंतर रचलं. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली होती. काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीची.

"राहू दे, आप्पा. इथं उजवीकडून चालवतात. तुम्हाला जमायचं नाही."

आणि बाईंना जर्मनमध्ये म्हणाले, ते आता गाडी चालवत नाहीत.

बाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, म्हाताऱ्या माणसाकडे बघून प्रेमाने हलवतात तशी. आप्पांना ती कळली. ते पुस्तक पुन्हा पिशवीत गुंडाळत म्हणाले, "राहू दे तर राहू दे."

मी महागडी ऑटोमॅटिक घेतली. बाहेर येऊन आप्पा सवयीने उजव्या दारापाशी गेले, दार उघडून आत बसले आणि समोर बघत राहिले. समोर स्टिअरिंग नव्हतं. या देशात ते डावीकडे असतं. जिथे त्यांनी आयुष्य काढलं ती जागा इथे पाहुण्याची होती.

पहिले दोन दिवस उतार आला की त्यांचा उजवा पाय खालची चटई दाबायचा. "ताई, पुढल्यानं बिरेक लावलाय बग," ते म्हणायचे, मला दिसण्याच्या आधी. मी म्हणायचे, "दिसतंय मला." तिसऱ्या दिवशी पाय हलायचा थांबला आणि बोलणंही. मला वाटलं, रुळले.

डोंगरावरच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "वाईच तितं बसू का? फोटूपुरतं." मी 'बसा की' म्हणाले. ते डावीकडे बसले, सीट मागे घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला, पट्टाही बांधला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. हसले नाहीत. मी फोटो स्टँडच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली प्रश्नांची रांग लागली. किती पळवली? गेर कसं हायत? आप्पांनी एकालाही उत्तर दिलं नाही.

परत गेल्यावर नऊ महिन्यांनी ते गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता, असं सगळे म्हणाले. जणू हा त्यांनी केलेला शेवटचा शिष्टाचार होता. मी तिसऱ्या दिवशी पोचले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. फोटो तोच. माझे वडील एका परक्या गाडीच्या स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि खाली नऊ शोकाकुल कार्यकर्त्यांचे हसरे चेहरे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी आईला त्या परवान्याबद्दल विचारलं.

"जायच्या आदी दोन म्हयने रोज सकाळी गाडी घिऊन जायचा," आई म्हणाली. आई आप्पांबद्दल एकेरीत बोलायची. तोंडावर मात्र 'अवो'. "मला वाटायचं भाडं हाय. मंग येक दिस मलाबी नेलं. गावाभायेर, नव्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर. तितं कुत्रं न्हाय काय न्हाय, आन् ह्यो उजव्या अंगानं गाडी चालवतोय. उलटा. मी म्हनलं, अवो, डोस्कं फिरलं का? तर म्हनला, जर्मनीत आसंच आसतंय. पोरगी दमती, तिला वाईच मागं बसवून फिरवून आणतो."

मी विचारलं, परत आल्यावर स्टँडवर त्यांनी काय सांगितलं?

"काय सांगणार? म्हनला, पोरगी लई भारी चालवती. म्या हात लावायची गरजच पडली न्हाय."

चौदाव्यानंतर आईला अक्कलकोटला जायचं होतं. गाडी दारात उभी, किल्ली माझ्या हातात. आई चप्पल घालून बाहेर आली आणि मी पुढे होत नाही हे बघून थांबली.

"तुला गेर येत न्हाय व्हय?"

"नाही."

"त्येनं शिकवलं न्हाय, आन् तूबी..." एवढं बोलून ती थांबली. मग पदर सारखा करत म्हणाली, "स्टँडवरनं बलीव कुणालातरी. उशीर हुतोय."

स्टँडवरून एकजण आला. आम्ही दोघी मागे बसलो.

इथे लाइपझिगमध्ये लोक विचारतात, घर कुठं? पूर्वी मी या शहराचं नाव सांगायचे. कागदोपत्री तेच खरं आहे. आता सोलापूर सांगते. तिथे दारात एक गाडी उभी आहे. ती गेल्या महिन्यात माझ्या नावावर झाली. ती मला चालवता येत नाही.