बिनपगारी गादी

हसायचं तर खुशाल हसा, फक्त हातातला चहा जपून धरा. बेकार माणसाचा पगार बुडाल्याचं कधी ऐकलंय? माझा बुडाला! आणि बुडवला कोणी? मीच!

निजामी राज्याचे ते अखेरचे दिवस. मुरूमच्या एका जिनिंगमध्ये मी कापूस तोलायच्या काट्यावर कारकून होतो. धामधुमीत कापूस यायचा थांबला आणि शेठजींनी जिनिंगला कुलूप लावलं. पण माणूस दिलदार. म्हणाले, "बापूराव, दुसरं काम लागूपतोर अर्धा पगार घरी येत जाईल. काम लागलं की तेवढं सांगा, म्हंजे दुसऱ्या कुनाची तरी सोय करतो."

मी लगेच अंदाज बांधायला बसलो. अर्ध्या पगारात जोंधळे येतात आणि बायकोच्या दम्याचं सोलापूरचं औषधही येतं. राहिला प्रश्न, मी बेकार किती दिवस राहीन? गावात दुसरं जिनिंग नाही, मला काट्याखेरीज काही येत नाही. म्हणजे वर्षभर तरी घोर नाही! स्वतःच्या नालायकीवर इतका भरवसा मी कधीच ठेवला नव्हता.

"सरू, तुझ्या औषधाची काळजी मिटली!"

"छाती फुगवून काय सांगताव? कामावरनं काढलंय तुमाला!"

आणि अशात शिवप्पा गेला. पेठेत त्याचं किराणा दुकान, आणि माझा तो लहानपणापासूनचा जिवलग. साध्या तापाचं निमित्त झालं.

आमच्या पेठेत रीत अशी, की दुःखातलं दुकान घरच्यानं उघडायचं नाही. बाहेरच्या माणसानं कुलूप काढायचं, गादीवर बसायचं आणि पहिली भवानी करायची. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावजी, तुमीच बसा. त्यांनी बी तुमालाच सांगितलं असतं."

एक दिवसापुरता बसलो. पण संध्याकाळी किल्ली द्यायला गेलो, तर त्याच्या लहानग्या पोरी माझ्याकडं अशा बघत होत्या, की किल्ली खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. शिवप्पाच्या तक्क्याला टेकलो की डोळे भरून यायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "गूळ कसा दिला?" मी डोळे पुसत म्हणायचो, "न्या हो, कसा का असंना!" असा व्यापारी पेठेनं पाहिला नव्हता.

मग काय, गावाला विषय मिळाला. चहावाला म्हणाला, बापूराव दुकानात लागले. न्हाव्यानं माझा पगार वाढवला. आठवडी बाजारापर्यंत मी भागीदार झालो होतो! मीही कशाला नाकारतोय? बेकार म्हणवून घेण्यापेक्षा बरं वाटायचं.

एक दिवस खुद्द शेठजी वहिनींना भेटायला दुकानावर आले. पेठेतली चार माणसं जमली.

"काय बापूराव, कामाला बसलाव म्हनं?"

दुकानामागंच घर, दाराआड वहिनी उभ्या. आता 'फुकट बसलोय' कसं म्हणू? ती मानी बाई. दुसऱ्याच्या दयेवर दुकान चाललंय असं चारचौघांत निघालं असतं, तर त्याच दिवशी तिनं कुलूप लावलं असतं.

मी मान डोलावली. "व्हय जी, बसलो."

"छलो आयतु!" शेठजींना आनंदानं कानडीच फुटली. "लई बरं झालं! आता तुमची रक्कम ह्या दाजिबा हमालाला लावतो. त्याचं लई हाल चाललेत."

दाजिबा शेजारीच होता. त्यानं चटकन माझे पाय धरले. सांगा, पाय धरलेल्या माणसाला काय म्हणायचं? थांब बाबा, ते पैसे माझे आहेत?

घरी येऊन सरूला सांगितलं. ती म्हणाली, "आल्याचा काढा करीन मी. पन त्या पोरींचं दुकान बंद पडू दिऊ नगा." तो हिवाळा तिनं काढ्यावर काढला. तिची धाप ऐकली की मला स्वतःचा संताप यायचा.

पुढं जिनिंग उघडलं. मी पळतच गेलो. काट्यावर दाजिबाचा भाऊ बसलेला!

शेठजी हात जोडून म्हणाले, "बापूराव, तुमी आता दुकानदार. तुमाला कारकुनी कशी सांगावी? अपमान व्हईल तुमचा. व्हय का न्हाय?"

आणि मी काय केलं असेल? पुन्हा मान डोलावली!

हे ऐकून सरू खोकत खोकत हसली. "अवो, ह्या मानंला येकदा तरी न्हाय म्हनायला शिकवा की!"

मी तिच्यापुढंही मान डोलावली.