लावणी झाली की बघते

माझा स्वभाव घाबरट आहे हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का, या शंकेने मी कापूरहोळला पोचलेली एसटी सोडून परत उत्रोलीला आलेली बाई आहे. नवऱ्याने हा किस्सा शिरवळच्या कंपनीत सगळ्यांना सांगितलाय. अशा बाईच्या हाती कोणी हजारो अनोळखी माणसांच्या कॉम्प्युटरची जबाबदारी दिली, तर चूक देणाऱ्याची, असं मी बरीच वर्षं म्हणत आले.

जबाबदारी होती एका छोट्या टूलची. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप केलं की ते तुमच्या कॉम्प्युटरची माहिती मांडून दाखवतं. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क किती भरली, बॅटरी किती थकली, आत किती तापलंय. ओपन सोर्स, म्हणजे वापरायला फुकट, आतलं लिखाण कोणीही वाचावं, सुधारणा कोणीही पाठवावी. पण ती सुधारणा आत घ्यायची का, नवी आवृत्ती कधी सोडायची, टूलच्या इंटरनेटवरच्या पानावरून काय पुसायचं, हे ज्याच्याकडे किल्ली असते तोच ठरवतो. किल्ली म्हणजे पासवर्ड आणि त्याबरोबर येणारे अधिकार. मूळ लिहिणारा कंटाळला तेव्हा त्याने "तू सांभाळतेस का?" असं विचारलं. मी तेव्हा विंझरला माहेरी रिकामी बसले होते. कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारतंय याचंच एवढं कौतुक होतं की लगेच हो म्हणाले. पुढे लग्न झालं, उत्रोलीला आले, पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करायला लागले, आणि ते टूल माझ्यामागोमाग सासरी आलं.

मी त्यात बऱ्याच सुधारणा केल्या. सगळ्यात अभिमानाची होती ती 'रिपोर्ट'. कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की तो मदत मागायला टूलच्या पानावर येतो, मग आम्ही विचारणार हे काय ते काय, आणि यात चार दिवस जाणार. म्हणून मी एक सोय केली. एक शब्द टाइप करा, सगळी माहिती एका मजकुरात गोळा होईल, ती तशीच पानावर चिकटवा. लोकांना ती फार आवडली. मी आठवडाभर हवेत होते.

हा रिपोर्ट चिकटवून मदत मागायला आलेल्यांपैकीच एकजण पुढे आमचा मदतनीस झाला. टोपणनावाने वावरायचा. खरं नाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी नुसता करडा गोल. पण काम असं चोख की मला स्वतःची लाज वाटावी. आठ महिने तो बॅटरीच्या भागातल्या चुका एकेक करून काढत होता. मी एक विचारलं की तो दोन करून पाठवायचा, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाही.

याच सुमारास आमच्या धंद्यात एक बातमी फिरली. कुठल्याशा दुसऱ्या टूलला एक अनोळखी माणूस अशीच मदत करत होता. गोड बोलून त्याने किल्ली मिळवली, आणि मग आत असं काही सरकवलं की जगभरातले कॉम्प्युटर उघडे पडायचे, थोडक्यात वाचले. ती बातमी मी तीनदा वाचली. आमचा मदतनीसही गोडच होता.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी हे सगळं तांदूळ निवडता निवडता सांगितलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना कळत नाही, पण माणसाच्या कामाचं बरोबर कळतं.

"कुठला हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई, आत्या."

"आन आठ महिनं तुज्या वावरात राबतोय?"

"व्हय."

"मग त्याच्या वावरात तू कवा गेलीस?"

आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर होते. आज चार घरच्या बाया तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी नाही, फक्त जेवण, आणि तुमची पाळी आली की जायचं म्हणजे जायचं. जो आठ महिने येतो आणि उलट बोलावतच नाही, असा सावडकरी आत्यांनी बघितला नव्हता.

"कायतरी मागंल," त्या म्हणाल्या. "आज न्हाईतर उद्या."

त्या सहज बोलून गेल्या, पण माझ्यासारखीला तेवढं पुरतं. आणि खरंच, आषाढ लागायच्या आधी त्याने मागितलं. टूलच्या पानावर, सगळ्यांसमोर, दोनच ओळी. तुम्हाला वेळ नसेल तर मला किल्ली द्याल का? एक काम आहे, ते किल्लीशिवाय होत नाही.

काम कुठलं ते लिहिलं नव्हतं. नाही म्हणावं तर आठ महिन्यांचे उपकार, हो म्हणावं तर ती बातमी डोळ्यांपुढे. शेवटी मी घाबरट माणसं जे करतात तेच केलं. लिहिलं, "सध्या शेतीची गडबड आहे. लावणी झाली की बघते."

आठवड्याने त्याची ईमेल आली. मी त्या वेळी आमच्याच खाचरात होते. कमरेत वाकलेली, अंगावर प्लास्टिकची खोळ, डाव्या हातात रोपांची मूठ, मोबाईल पिशवीत गुंडाळून कमरेला बांधलेला. बांधावर चहा आला तेव्हा हात पुसून बघितलं. विषयात लिहिलं होतं, "हे सगळ्यांदेखत लिहिता येत नाही. कृपया लवकर वाचा."

मी ती उघडली नाही. त्या बातमीतल्या माणसानेसुद्धा अशीच घाई लावली होती. घाई हीच तर त्यांची खूण, असं मी स्वतःला पटवलं. उघडली आणि आत पुन्हा किल्लीच मागितली असेल तर उत्तर द्यावं लागेल, हे त्यातलं खरं कारण. मोबाईल परत पिशवीत घातला आणि चहा न पिताच खाचरात उतरले.

"काय झालं गं?" आत्यांनी विचारलं. "तोंड का उतारलं?"

"काय न्हाई. कामाचं हाय."

दोन दिवस आमची लावणी, मग सावडीच्या चार घरची. रोज चिखलातून परत आले की ती न वाचलेली ओळ ठळक अक्षरांत समोर. मी वरच्यावर मोबाईल काढून बघायची आणि ठेवून द्यायची. जेवतानाही मोबाईल ताटाशेजारी. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावर डाफरले.

लावणी उरकली तशी मी एक शहाणपणा करायचं ठरवलं. ईमेल वाचण्याआधी या माणसाने आठ महिन्यांत पाठवलेली प्रत्येक ओळ तपासायची. काही वेडंवाकडं सापडलं की वाचायचा प्रश्नच मिटला. कंपनीतली सुट्टी अजून शिल्लक होती. सलग तीन दुपारी मी वरच्या खोलीत दार लावून बसले. चोराच्या घराची झडती घ्यावी तसं त्याचं काम उलटंपालटं केलं. काही सापडेना, आणि सापडत नाही म्हणून धीर यायच्या ऐवजी मला वाटायला लागलं, किती हुशारीने लपवलंय!

तिसऱ्या दुपारी त्याने पाठवलेल्या, पण मी अजून आत न घेतलेल्या एका सुधारणेपाशी आले. छोटीशी होती. रिपोर्टमधली एक ओळ काढून टाका, एवढीच. कारण दिलेलं नव्हतं. ती ओळ माझी. मी स्वतः घातलेली. वाय-फाय नीट चालत नाही अशी तक्रार करणाऱ्यांसाठी त्यात घरच्या राउटरचा, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डबीचा, क्रमांक यायचा; तो प्रत्येक डबीचा वेगळा असतो. हा माणूस ती का पुसायला बघतोय? सापडला, असं मला वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला.

मी माझ्याच लॅपटॉपवर रिपोर्ट काढला. आमच्या राउटरचा क्रमांक समोर आला. त्या क्रमांकाचं कोणी काय करू शकेल म्हणून शोधलं, तर अशा क्रमांकांचा नकाशा करणारी ठिकाणं आहेत. रस्त्याने जाता-येता लोकांचे मोबाईल आसपासचे राउटर टिपतात, ते तिथे गोळा होतात. मी आमचा क्रमांक टाकला. नकाशा सरकत सरकत भारत, पुणे, भोर असा खाली आला आणि उत्रोलीच्या रस्त्यावर, आमच्या घरावर, एक ठिपका येऊन थांबला.

मी ईमेल उघडली.

ती बाईची होती. आठ महिने मी जिला 'तो' म्हणत होते, ती बाई. तिने लिहिलं होतं की ती एका माणसापासून निघून आली आहे आणि नव्या गावात राहते. तिचं टोपणनाव त्या माणसाला माहीत आहे. वर्षभरापूर्वी बॅटरीची मदत मागताना तिने आमच्या पानावर रिपोर्ट चिकटवला होता, त्यात तिच्या या नव्या घरचा राउटर आहे, आणि त्याने काय होऊ शकतं हे तिला आत्ता आत्ता कळलं. तिने मजकूर बदलला, पण बदलण्याआधीची प्रत पानावर दिसतच राहते, ती फक्त किल्लीवाल्याला काढता येते. किल्ली यासाठी मागितली होती. द्यायची नसेल तर नका देऊ, तुम्हीच काढा. सगळ्यांसमोर लिहिलं तर काढण्याआधी लोक बघतील, म्हणून हे पत्र. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही शेतात आहात हे माहीत आहे. त्रास देते, माफ करा."

पत्र येऊन अकरा दिवस झाले होते.

घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिचा रिपोर्ट पुसायला एक मिनिटही लागलं नाही. मग बाकीच्यांचेही, एकेक करून, दिसतील तेवढे सगळे पुसले. माझी ती ओळ काढली, नवी आवृत्ती सोडली, काय चुकलं ते पानावर स्वतःच्या नावाने लिहिलं. आत्या वर येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. मी तिला लिहिलं. पुसलं म्हणून कळवलं, माफी मागितली, किल्ली पाठवली. संशय घेतला होता तेही लिहिलं, कारण ते लपवणं आता आणखीच घाण वाटायला लागलं होतं.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मी अंगणात होते, तशीच उभ्याने वाचलं.

"पुसलेलं पाहिलं. आभारी आहे. तो गेल्या आठवड्यात येऊन गेला. मी कामावर होते, शेजारणीने सांगितलं. आता मी तिथे राहत नाही. किल्ली नको. बॅटरीचं राहिलेलं काम सोबत जोडलं आहे, तपासून घ्या."

गेल्या आठवड्यात म्हणजे नक्की कधी, हे तिने लिहिलं नव्हतं. मी सावडीच्या घरी रोपं लावत होते तेव्हा, की पत्र आलं त्याच दिवशी, म्हणजे लगेच वाचलं असतं तरी उशीरच? आणि त्याला घर सापडलं ते माझ्या त्या ओळीने, की आणखी कशाने? हेही लिहिलं नव्हतं. मी तिथेच अंगणात बसून दोन्ही विचारलं. आधी सुरक्षित आहात का ते, मग हे. पाच मिनिटांच्या आत पाठवलं.

लगेच उत्तर आलं म्हणून मी दचकून बघितलं. यंत्राने पाठवलेली ओळ होती. हा पत्ता आता अस्तित्वात नाही.