समुद्र घरी असताना

मुलांनो, तुम्ही समुद्र हवा तेव्हा पाहता. तुमच्या पणजीला तो आयुष्यात एकदा पाहायचा होता. तुमचे आजोबा डहाणूला रेल्वेत होते, तेव्हा माझी आई अकोल्याहून आली. परतीचा दिवस उजाडला तरी समुद्र राहूनच गेला होता. संध्याकाळी पाचची गाडी, म्हणून मी सकाळी नऊलाच टांगा बोलावला.

टांगेवाला उंच, वाळका, कानामागे विडी खोचलेला. माझ्या घड्याळाकडे त्याने पाहिलेही नाही.

"बेन, आज तिथी कंची?"

"चतुर्थी. का?"

"चारची पाऊणपट तीन. भरती तीनला. आता नुसता चिखल दिसेल. समुद्र घरी नसताना माजींना न्यायचं कशाला?"

"आणि गाडी चुकली तर?" मी चिडले.

"थांबू गं," आई म्हणाली. "तो इथला आहे."

तीनच्या आधीच तो दारात हजर होता. आम्ही पोचलो तेव्हा पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आले होते. आई काठावरच थबकली. नऊवारी वर धरायची तर समोर परका पुरुष. त्याने टांगा झाडांकडे वळवला आणि पाठमोरा उभा राहून बोटांनी घोड्याची आयाळ विंचरू लागला.

आई गुडघाभर पाण्यात गेली आणि मोठ्याने हसली. तिचे असे हसणे मी कधी ऐकले नव्हते.

बऱ्याच वेळाने मी घड्याळ पाहिले आणि तिला हाक मारायला पुढे झाले.

"राहू द्या बेन," तो पाठमोराच म्हणाला, "घोडा पळवतो मी."