गिरणीतल्या आत्याचा होकार

आमच्या आत्यानं उभ्या आयुष्यात कुणाला सल्ला दिला नाही, तरी पाबळच्या आसपास सल्ल्यासाठी तिच्याइतकं नाव कुणाचं नव्हतं. तिची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या खडखडाटात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून दळणाला आलेल्या बाया घरातलं सगळं तिच्यापुढं मोकळं करायच्या. आत्या डोळे बारीक करून ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायची, "व्हय, बरोबर हाय तुझं." बाई हलक्या मनानं पीठ घेऊन घरी जायची.

मीही त्यातलीच. दौंडचं स्थळ आलं. मुलगा रांजणगावला कंपनीत, पगार बरा, पण बोलण्यात महाकंजूष. आई म्हणाली, "तूच ठरव," म्हणजे माझी पंचाईतच. मी बाजरीचा डबा उचलून गिरणी गाठली. "आत्या, करू का गं हे लग्न?"

तिनं माझ्याकडं प्रेमानं पाहिलं. "व्हय व्हय. झ्याक व्हईल."

तेवढ्यावर मी लग्न केलं.

पुढं पुढं कुणाच्या लग्नात बँड लागला की आत्या बोलण्यात भलत्याच ठिकाणी हसू लागली. मी तिला दौंडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. बंद खोलीत तिनं बारीकातली बारीक शिट्टीसुद्धा टिपली. डॉक्टर म्हणाले, "कान चांगले आहेत. गोंगाट झाला की मेंदू कानाला उलट निरोप धाडतो, की कालवा जरा दाब, बोलणं येऊ दे. तो निरोप बहुतेक नीट पोचत नाही. गिरणीत जन्म गेला ना."

"म्हंजी सरकारी कामावानी," आत्या म्हणाली. "वरनं हुकूम सुटतो, खाली कुणाला पत्ता न्हाई. गिरणीत तर मला लई वर्सांपासनं कुणाचं काय कळत न्हाई. तुझ्या लग्नाच्या आधीपासनं."

मी चपापले. आत्याच्या घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि विचारलं, "मग मी लग्नाचं विचारलं तवा व्हय कशाला म्हणालीस?"

"आगं बया! मला वाटलं, बारीक दळ म्हणतीयास."

इतक्या वर्षांचा माझा संसार बाजरीच्या पिठावर उभा होता. मी कपाळावर हात मारला. आत्याचा चेहरा मात्र उतरला. तिनं माझा हात घट्ट धरला. "पोरी, खरं सांग. सुखात हायस न्हवं?"

बाहेर अंगणात माझा अबोल नवरा न सांगता तिच्या गिरणीचा पट्टा शिवत बसला होता.

"झ्याक," मी म्हणाले. तिनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

गेल्या थंडीत आत्या गेली. मला तिची फार आठवण येते. बाया अजून भेटतात, डोळे पुसत म्हणतात, "तिच्यासारखं ऐकून घेणारं कुणी ऱ्हायलं न्हाई."

मी मान हलवते. "व्हय, बरोबर हाय तुमचं."