मार्कसच्या कानातले म्हातारे

ताई, नागपूरच्या विमानतळावर आईने बॅगेत चिवड्याचा डबा कोंबला आणि तू माझा हात सोडेचना. मी कॅनडाला काहून चाललो, ते घरात तुला एकटीलाच माहीत होतं. बाबा म्हणाले, "तिकडे आपल्या लोकांत राहत जा, भीमजयंती चुकवू नको." मी हो म्हणालो. माझे आपले लोक दोन प्रकारचे आहेत, हे त्यांना कुठं सांगू?

आता हॅलिफॅक्समध्ये हॉस्पिटलच्या लॅबची नोकरी आहे, गाडीला बर्फातले विंटर टायर आहेत, मार्कस आहे. मार्कस इथलाच, पिढ्यानपिढ्यांचा, काळा आणि नाटकवाला. म्हाताऱ्या काळ्या गे माणसांच्या आठवणी त्याने रेकॉर्ड केल्यात, त्या तो स्टेजवर सांगतो. कानात इयरफोन, त्यात त्या माणसाचा आवाज. तो खोकला की हाही खोकतो, तो अडखळला की हाही अडखळतो. एक शब्द सुधारायचा नाही.

प्रॅक्टिस घरातच. भांडी घासतानाही याच्या तोंडी परक्याचं हसू, आणि मी हाक मारली तर ऐकू जात नाही. फार जळलो मी. सवत निघाली तीही त्याच्या कानातला पंचाहत्तरीचा रिटायर्ड बस ड्रायव्हर, बोल आता.

परवा शोला गेलो. ड्रायव्हर पहिल्या रांगेत, शेजारी त्याची बहीण. मार्कस त्याचंच सांगत होता: खरं कळल्यावर आईने त्याचा कप आणि ताट वेगळं काढलं. वेगळा कप, ताई. आपल्या आजोबांचा हॉटेलातला वेगळा कप बाबा भीमजयंतीच्या जलशात गातात ना, तोच. फक्त इथे तो ठेवणारी आई होती. बहिणीने भावाचा हात धरला. पुढे मार्कस अचूक त्याच्यासारखा खोकला, तसा म्हातारा खुदकन हसला. आणि मला त्या म्हाताऱ्याचा इतका हेवा वाटला की टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

गाडीत मार्कसला विचारलं, माझं कधी रेकॉर्ड करणार? तो म्हणाला, "मी ऐकेन, एनी टाइम. पण स्टेजवर ते तुमच्यातल्या कुणीतरी बोलायला हवं."

राग आला, कारण पटलं. आमच्यातलं कोण? बाबांशिवाय दुसरं नाव सुचेना. दुसऱ्याचं दुःख गाताना त्यांचा गळा भरून येतो, अख्खी वस्ती डोळे पुसते. त्या सगळ्या दुसऱ्यांचा मला लहानपणापासून हेवा वाटतो. आज लिहून टाकलं.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. थंडी किती, विचारतात. मी आकडा सांगतो. मग ते आईकडे फोन देतात.

घर कुठं, असं इथे कुणी विचारलं की मी नागपूर म्हणतो. खरं तर बाबा ज्या दिवशी थंडीच्या पुढचं विचारतील, त्या दिवशी मी घरी पोचेन. तू ऐकलंस, तेवढं पुरे, असं लिहिणार होतो. नाही पुरत, ताई.